अपडेट बंद करण्याआधी
विंडोज संगणकाचे आपोआप येणारे अपडेट कायमचे बंदच ठेवावेत, असा सल्ला दिला जातो; तो समजण्यासारखा असला तरी मला पटत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे काम करतो. गेल्या खरिपात पीकविम्यासाठी सातबारा हातात घेऊन माणसे दाराशी उभी असताना संगणकाने स्वतःहून अपडेट सुरू केले, ३० टक्क्यांवर वीज गेली, आणि ती परत आल्यावर प्रिंटर काही केल्या ओळखला जाईना (हॉटस्पॉटचा दिवसभराचा डेटा संपला, तो वेगळाच). तेव्हा संताप खराच आहे. तरीही मे २०१७ मधला वॉनाक्राय, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आठवावा: विंडोजमधल्या ज्या त्रुटीतून तो जगभर पसरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. उलट ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चे अपडेट काहींच्या फाइली पुसत असल्याने कंपनीलाच त्याचे वितरण थांबवावे लागले. सुरक्षेची दुरुस्ती आणि कोणी न मागितलेले बदल एकाच गाठोड्यात बांधून दिले जातात, हे माझ्या मते खरे दुखणे आहे. मी आता अपडेट आठवडाभर पुढे ढकलतो, फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर घेतो आणि गिऱ्हाईक नसलेल्या रविवारीच, इन्व्हर्टर पूर्ण भरलेला पाहून, ते बसवतो.