आरेतून सातव्या मजल्यावर: पोरांना जंगल हवं की आधी घर?

शेवळंवाला: माझं लहानपण मुंबईतल्या आरेच्या जंगलात, वारली पाड्यावर गेलं. आता पुनर्वसनाच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. धाकटा भाऊ दहावीत. दिवसभर मोबाइल आणि बंद दार. झोप नाही, चिडचिड. आजी म्हणते, "पोराच्या पायाला माती नाय लागली." मला पटतं. पहिल्या पावसात मी तिच्यासोबत शेवळं ही रानभाजी काढायला जायचो. भाजीत काकडं ही आंबट रानफळं घातली नाहीत तर घसा खाजतो, हे तिनेच शिकवलं. भावाला शेवळं ओळखता येत नाहीत. आमच्या पोरांच्या मनाचं बोलायचं तर सुरुवात जंगलापासून करा.

पाड्यावरचीच: दादा, भाजी आठवते, हंडा नाही आठवत? मी अजून पाड्यावर आहे. रात्री बाहेर जायचं तर आम्ही बॅटरी घेऊन तिघी जातो. २०२२ च्या दिवाळीत आरेत १६ महिन्यांची मुलगी बिबट्याच्या हल्ल्यात गेली. दिवाळीतल्या वाघबारशीला वाघोबाला, आमच्या वाघदेवाला, नारळ मीही ठेवते, पण भीती जात नाही. तुझ्या भावाला नकोसं झालेलं ते बंद होणारं दार मला हवंय.

रविवारचा भटक्या: भांडता कशाला? बोरिवलीच्या नॅशनल पार्कात या, दोन तास चाला, डोकं शांत!

शेवळंवाला: @भटक्या, तुम्ही तिथे चालायला येता, आम्ही जंगलात काही आणायला जायचो. पार्कात आजीने भाजी खुडली तर गार्ड हटकेल. (आणि तिकीट काढून जंगलात जायचं, हे तिला सांगणार कोण?)

@पाड्यावरची, घर नको असं कुठे म्हटलं? पण ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रो कारशेडसाठी आरेतल्या झाडांवर करवती सुरू झाल्या. सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत २ हजारांहून जास्त झाडं गेली. भाऊ तेव्हा चौथीत होता. त्याचं काय तुटलं, ते फ्लॅटच्या चावीने कसं जोडायचं?

पाड्यावरचीच: चावी मिळालेलाच असं बोलू शकतो. २००६ चा वनहक्क कायदा वनोपज गोळा करायचा हक्क देतो, त्यासाठी भांड, मी सोबत येते. पण संडास आणि लाइट आधी, हे माझं मत बदलणार नाही.

भावाला शनिवारी पाठव. शेवळं संपली, कुर्डूची भाजी आहे. मोबाइल घरूनच चार्ज करून आण म्हणावं.