मदत हवी आहे: महिला मंडळाचे पैसे बँकेत अडकलेत, ठरावाचा नमुना कोणाकडे आहे का?

शेवंती
आमच्या महिला मंडळाच्या खजिनदार मावशी गेल्या महिन्यात वारल्या. मंडळाचे ६१ हजार बँकेत आहेत आणि बँक देईना. मॅनेजर म्हणाले ठराव आणा. नेला. म्हणाले असला ठराव चालत नसतो. चालणाऱ्या ठरावाचा नमुना कोणाकडे असेल तर इथं टाका, मराठीतला. २६ तारखेच्या आत पाहिजे, टोळ्या निघायल्यात. सल्ले नकोत, नुसता नमुना द्या.

कोरडवाहू
कसल्या टोळ्या? वाचून दरोड्याची तयारी वाटायली.

पासबुकवाले_काका
एकतीस वर्षं बँकेत काढली म्हणून विचारतो. खातं नेमकं कोणाच्या नावानं आहे? पैसे काढायला किती जणींच्या सह्या लागायच्या? मंडळ नोंदलेलं आहे का? हे कळल्याशिवाय नमुना देणं म्हणजे पेशंट न बघता गोळी देणं.

गोदाकाठची
ताई, ठरावाच्या नादी लागू नका. सरळ बचत गट करा. आमचा पैठणकडचा गट आहे, आधी माविममधून (महिला आर्थिक विकास महामंडळ) केला, आता सरकारच्या उमेद अभियानात आहे. नोंदणी लागत नाही, खातं लगेच उघडतं, पुढं कर्जही मिळतं. आम्ही पापड, शेवया, कुरडया सगळं करतो. पहिल्या वर्षी तोटा झाला कारण ऐन मे महिन्यात अवकाळी आला आणि वाळवण भिजलं, पण नंतर जम बसला. फक्त सगळ्या बायकांचं आधार, पॅन, फोटो गोळा करून ठेवा, बँक एकेकीचं मागते.

पासबुकवाले_काका
नसते मागत, म्हणजे मागायला नको. बचत गटाचं साधं बचत खातं उघडताना पदाधिकाऱ्यांची कागदपत्रं पुरतात, असं रिझर्व्ह बँकेनंच सांगितलंय. सगळ्या सभासदांची पडताळणी कर्ज देताना. शाखेत कुणी अडवलं तर हे ठासून सांगा.

गोदाकाठची
आम्हाला मागितली होती काका. तुमची रिझर्व्ह बँक मुंबईला, आमचा साहेब इथं.

शेवंती
मी नमुना मागितला होता.
बचत गट होत नाही. आम्ही २३ जणी आहोत.

गोदाकाठची
वीसच्या वर नाही चालत हे खरं. मग दोन गट करा, बारा आणि अकरा.

शेवंती
आणि कोणी कोणत्या गटात जायचं यावरून जे महाभारत होईल ते तुम्ही येऊन मिटवणार का?

मिरचीभाकर
भजनी मंडळ आहे का हो तुमचं? आमच्याकडं भजनी मंडळाच्या टाळ-मृदंगावरून असंच झालं होतं. ज्यांच्या घरी ठेवले त्यांनी परतच दिले नाहीत. शेवटी सप्त्यात महाराजांनी कीर्तनातून नाव न घेता असा टोला हाणला की दुसऱ्या दिवशी पेटी दारात.

शेवंती
चर्चचं मंडळ आहे. कॅथलिक. जालना जिल्हा. चर्चची झाडलोट, वेदीची फुलं, ऑक्टोबरभर घरोघरी जपमाळ, नाताळचा फराळ, कोणी वारलं तर त्या घरी दोन दिवस जेवण पोचवणं. आणि मंडळाची भांडी आहेत, ती भाड्यानं देतो. तीन मोठी पातेली, दोन कढया, दीडशे ताटं, सतरंज्या. लग्नाला ३०० रुपये, मयतीला फुकट, मग घर कोणत्याही जातीधर्माचं असो. ते पैसे साठवून आम्ही ऊसतोडीला गेलेल्यांच्या मागं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दर महिन्याला सामान देतो. गहू-तांदूळ रेशनवर मिळतात, आम्ही तूरडाळ, तेल, चहा-साखर, साबण देतो. या वर्षी ११ जण आहेत. टोळ्या म्हणजे या ऊसतोडीच्या टोळ्या. मुकादम २६ ला ट्रक लावणार आहे. आता तरी नमुना द्या.

कोरडवाहू
हे आधी लिहायचं होतं ना ताई. दरोड्याचा शब्द मागं घेतो. माझे आई-बाप सतरा वर्षं कोयत्यावर गेले, मागं आम्ही आजीजवळ. आजी चहात साखर घालायची नाही, आम्हाला पुरावी म्हणून.

सदाशिवपेठी
एक बाळबोध शंका. मराठवाड्यात कॅथलिक लोक आहेत? मला वाटायचं ते फक्त वसईला आणि गोव्यात.

कोरडवाहू
आहेत की. वैजापूर-गंगापूरकडं जा, घोगरगावला फ्रान्सहून आलेल्या फादर लोकांचं जुनं मिशन आहे. धर्मप्रांत १९७७ चा, औरंगाबादचा, आत्ताचं संभाजीनगर. आणि जालन्याजवळचं बेथेल तर रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेलं.

शेवंती
बेथेल प्रॉटेस्टंटांचं. वेगळं आहे ते.

कोरडवाहू
हाव, पण जुनं आहे एवढंच म्हणायचं होतं.

दर्यावर्दी_वसई
जय ख्रिस्त ताई. तुमचा मूळ घोटाळा हा आहे की मंडळाने स्वतंत्र पैसा ठेवलाच का? आमच्या वसईत प्रत्येक संघटनेचा हिशेब धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भाविकांच्या, आर्थिक समितीपुढे जातो. चर्चच्या कायद्यात, कलम ५३७, प्रत्येक धर्मग्रामात अशी समिती असलीच पाहिजे. फादरांना सांगा, पैसे धर्मग्रामाच्या खात्यात घ्या, विषय संपला. शिवाय तुम्ही करता ते काम संत व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीचं आहे. १८३३ पासून जगभर हेच चाललंय, घरी जायचं, विचारपूस करायची, मदत द्यायची. तिची शाखा काढा.

तांदुळजा
किंवा लिजन ऑफ मेरी, तीही कॅथलिकांची सेवा संघटना. माझी मावशी बांद्र्याला होती त्यात, दर आठवड्याला बैठक, फार शिस्त.

दर्यावर्दी_वसई
लिजनमध्ये वस्तूरूप मदत देता येत नाही, त्यांच्या नियमातच मनाई आहे. तूरडाळ कशी वाटणार?

तांदुळजा
मावशी लोकांच्या घरी नेहमी काहीतरी घेऊन जायची.

दर्यावर्दी_वसई
मावशी म्हणून नेत असेल. लिजन म्हणून नाही.

शेवंती
वसईचे दादा, तुमच्याकडं एका चर्चला जेवढी माणसं येतात तेवढी आमच्या चार गावांत मिळून नाहीत. समिती आहे, तिच्यात पाच पुरुष आणि सिस्टर. आत्ताचे फादर देवमाणूस आहेत, पण फादर बदलतात. म्हाताऱ्या बायकांचं म्हणणं एकच, पैसा चर्चच्या खात्यात गेला की पत्र्याला लागेल नाहीतर कंपाउंडला. मागं एकदा झालंय तसं. फादरांचं काही चुकलं नव्हतं, पत्रा खरंच गळत होता.

दर्यावर्दी_वसई
ज्या हेतूने दान दिलं त्याच हेतूला वापरायचं, हेही चर्चच्याच कायद्यात आहे, कलम १२६७. पावतीवर हेतू लिहून घ्या. पण 'वसईचे दादा' म्हणून टोमणा मारायची गरज नव्हती. आमच्या आज्यांनीही डोक्यावर पाट्या वाहून भाजी विकलीय.

धर्मादाय_वारी
सगळे भरकटताय. पक्का उपाय नोंदणी. सात जणी घ्या, १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवा, सोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात. घटना, नियमावली, सात जणींच्या सह्या. एकदा झालं की जन्माचं काम. मी आत्तापर्यंत चार संस्थांची नोंदणी करून दिली आहे.

पासबुकवाले_काका
जन्माचं काम म्हणजे जन्मभराचं. अध्यक्ष बदलली, ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल धर्मादाय कार्यालयाला कळवायचा. सचिव बदलली, चेंज रिपोर्ट. वर्षाला ऑडिट. पातेली भाड्यानं देणाऱ्या बायकांना हे कशाला?

धर्मादाय_वारी
म्हणजे बेहिशेबी चालू ठेवायचं? अशानंच पैसे अडकतात.

पासबुकवाले_काका
हिशेब आणि नोंदणी या दोन गोष्टी आहेत महाराज. आणि शेवंतीताई, माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. खातं कोणाच्या नावानं?

आखाती_परिचारिका
मी इकडं आखातात नर्स आहे, मूळ परभणीची. ताई, खातं क्रमांक द्या, दहा हजार पाठवते. भावालाही सांगते, तो कॅनडात असतो.

धर्मादाय_वारी
थांबा! परदेशी पैसा! परवानगी नसताना घेतला तर गुन्हा होतो.

पासबुकवाले_काका
अर्धवट सांगू नका. भारतीय नागरिकानं परदेशात कमावून बँकेतून पाठवलेले पैसे परदेशी देणगीत धरत नाहीत. ताई भारतीय पासपोर्टवर असतील तर त्यांचे चालतात. भावानं कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र त्याचे घेऊ नका. आणि हे सगळं पुढचं. खातं कोणाच्या नावानं?

शेवंती
मावशीच्याच.

पासबुकवाले_काका
मावशींच्याच म्हणजे 'अमुक महिला मंडळ' करता मावशी, की मावशींचं स्वतःचं बचत खातं?

शेवंती
स्वतःचं. मंडळाच्या नावानं खातं उघडायला गेलो होतो तेव्हा नोंदणीवरून अडलं, मग मावशी म्हणाल्या माझं आहे ना, त्यात टाका. त्यांचे सरकारी निराधार योजनेचे पैसेही त्यातच यायचे. आम्हाला कधी शंका आली नाही. एका रुपयाची नाही.

गोदाकाठची
अगं बाई.

पासबुकवाले_काका
शाखेत जाऊन तुम्ही 'मंडळाचं खातं' म्हणालात, म्हणून त्यांनी ठराव मागितला. नाव बघितल्यावर नको म्हणाले. मॅनेजरची चूक नाही. तुम्ही ब्रह्मदेवाच्या सहीचा ठराव नेला तरी त्या खात्याला तो लागू होत नाही, कारण बँकेच्या लेखी पैसे मावशींचे. नॉमिनी कोण आहे?

शेवंती
मुलगा. चाकणला कंपनीत आहे.

पासबुकवाले_काका
मग पैसे त्याच्या हातात येणार. नॉमिनी म्हणजे मालक नाही, वारसांतर्फे घेणारा विश्वस्त. पण बँक त्याला दिले की मोकळी. तुमचं बोलणं बँकेशी नाही, त्या मुलाशी आहे. बोललात का त्याच्याशी?

शेवंती
नाही.

मिरचीभाकर
का?

शेवंती
आईला जाऊन महिना झाला नाही आणि दारात जाऊन म्हणू का की तुझ्या आईच्या खात्यातले पैसे आमचे? मावशीनं मला पहिल्या कम्युनियनला तयार केलं होतं. मला वाटलं बँकेतून गुपचूप झालं तर त्याला त्रास नको.

सदाशिवपेठी
माहितीसाठी : १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारीही देता येते.

कोरडवाहू
कोणी विचारलं होतं?

पासबुकवाले_काका
ताई, हिशेब कुठं लिहिलेला आहे का?

शेवंती
वही आहे. कोणी भांडी नेली, किती दिले, सगळं मावशीच्या अक्षरात. दर नाताळानंतरच्या रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर वाचून दाखवायच्या आणि फादरांची सही घ्यायच्या. पण वही त्यांच्याच घरी आहे.

पासबुकवाले_काका
मग काळजी नाही, पुरावा फादरांच्या सहीचा आहे. मुलाकडून पासबुक भरून घ्या. निराधारचे पैसे थेट जमा झालेले दिसतील, भांड्यांचे रोख भरलेले. दोन रंगांच्या पेनांनी खुणा करा, वहीशी जुळवा. जे जुळेल ते मंडळाचं, बाकीचं वारसांचं, तिथं हावरटपणा नको. त्यानं दावा भरला की कागद पूर्ण असल्यास पंधरा दिवसांत पैसे मिळायला हवेत. एक त्याच्या भल्याचं : आई गेल्याचं तहसीलला कळवायला सांगा. मृत्यूनंतरचा निराधारचा हप्ता जमा झाला असेल तर तो परत करावा लागतो. पुढच्या वेळी दोघींच्या नावाचं संयुक्त खातं काढा, फक्त याच पैशासाठी.

धर्मादाय_वारी
माझं मत कायम आहे. नोंदणी.

शेवंती
(चार दिवसांनी)
काल फोन केला. सिस्टरला शेजारी बसवून केला, एकटीनं धीर झाला नाही. मी 'वही' म्हणायच्या आत तोच म्हणाला, वही सापडली, धान्याच्या कोठीवर होती, मीच तुम्हाला फोन करणार होतो पण पैशाचं तुम्ही काढाल की मी काढावं कळेना. तो म्हणे वहीत त्याच्या स्वतःच्या लग्नाचं भाडं लिहिलंय, ३०० रुपये, पुढं आईनं लिहिलंय 'बाकी'. २०१४ चं. तो हसत होता आणि मग फोन बायकोकडं दिला.

२५ ला महिन्याची मिस्सा आहे, तेव्हा येतोय. २६ च्या आत पैसे मिळणार नाहीत हे कळलं. पहिल्या महिन्याचं सामान दुकानदार उधारीवर द्यायला तयार आहे, फादरांनी लिहून दिलंय. काका, दोन रंगांची पेनं घेतली.

पासबुकवाले_काका
छान. ३०० वसूल करा.

आखाती_परिचारिका
माझ्या दहा हजारांचं काय?

शेवंती
संयुक्त खातं उघडू द्या ताई, मग सांगते. भावाचे इतक्यात नकोत, तो कॅनडाचा नागरिक आहे का ते आधी विचारा.

मिरचीभाकर
एक विचारायचं होतं. भांडी अंबडपर्यंत मिळतात का? ९ तारखेला भाचीचा साखरपुडा आहे.

शेवंती
मिळतात. अनामत ५००, टेंपो तुमचा. पातेली घासून परत द्यायची, तळाला करप राहिला तर ५० रुपये जास्त. मावशीचा नियम आहे.