मदत हवी आहे: शिष्यवृत्तीचे पैसे परत कसे मागायचे? (तातडीचे)

बॅकबेंचर
रविवारी मीटिंग आहे, म्हणून जरा पटकन सांगा. आमच्या ९४च्या दहावीच्या बॅचने बाईंच्या नावाने शिष्यवृत्ती चालू केली. अकरावी-बारावीच्या ज्या मुलांना पुढे अपंग मुलांना शिकवायचंय त्यांना वर्षाला १५,०००, दोन हप्ते. पहिल्या वर्षी सहा जण घेतले. यंदा त्यांची बारावी झाली. दोघे डी.एड.ला गेले, एक बी.एम.एस.ला, एक मुलगी चक्क बी.कॉम.ला आणि दोघांचे फोन लागत नाहीत. सगळ्यांनी स्टॅम्प पेपरवर हमीपत्र दिलंय की याच क्षेत्रात जाणार, नाहीतर रक्कम परत करणार. वसुलीच्या नोटिशीचा फॉरमॅट असेल तर टाका. बाकीचं मला माहीत आहे.

लिंबूटिंबू
नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर जा. नववी-दहावीला प्री-मॅट्रिक, अकरावीपासून पोस्ट-मॅट्रिक. ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, आधी काढून ठेवा. खातं आधारला जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात, आमच्या पुतणीचे अडकले होते.

बॅकबेंचर
अहो, मुलं अपंग नाहीत. त्यांना अपंग मुलांना *शिकवायचंय*. आणि शिष्यवृत्ती मिळवायची नाहीये, आम्ही देतोय. प्रश्न वाचा ना.

सोज्वळ
'दिव्यांग' म्हणा हो. २०२६ चालू आहे.

खडीसाखर
मी अंध आहे, हे स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ऐकतोय. मला दोन्ही शब्द चालतात, सोज्वळ, तुम्ही माझ्या वतीने दुखावून घेऊ नका. धागाकर्त्यांना वेगळंच विचारायचंय. सहातला एकही दिव्यांग नाही? आमच्यातले कितीतरी जण शिक्षक होतात. अट होती का तशी?

बॅकबेंचर
अट कशाला असेल? कोणी अर्जच केला नाही. फॉर्मची पीडीएफ सगळ्या कॉलेजांच्या ग्रुपवर फिरवली होती.

खडीसाखर
टाइप केलेली की स्कॅन केलेली?

बॅकबेंचर
स्कॅन. प्रिंट काढून, सही-शिक्का मारून.

खडीसाखर
म्हणजे आमच्यासाठी कोरा कागद. स्कॅन केलेलं पान हा नुसता फोटो, स्क्रीन रीडरला त्यात अक्षर सापडत नाही. विशेष शिक्षणाची शिष्यवृत्ती बरं का.

बॅकबेंचर
मान्य. पुढच्या वर्षी सुधारू. पण वसुली?

काळाकोट_दादर
हमीपत्रावर सही कोणाची? तेव्हा मुलांची वयं काय होती?

बॅकबेंचर
मुलांचीच. सोळा वगैरे. वडिलांची आहे ना, साक्षीदार म्हणून.

काळाकोट_दादर
मग त्या कागदात भेळ बांधा. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ११: अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, व्यक्तीला करार करता येत नाही. मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष, प्रिव्ही कौन्सिल, १९०३. त्यात तर अज्ञान मुलाने घर गहाण टाकून कर्ज उचललं होतं, तरी सावकाराला परतफेड मिळाली नाही. तुम्ही तर बक्षीस दिलंय. आणि साक्षीदार म्हणजे जामीनदार नव्हे. नोटीस पाठवाल तर उत्तर लिहायला मीच पुढे येईन, फुकट.

डोंबिवली_फास्ट_१२डबा
वकीलसाहेब नेहमीप्रमाणे फक्त 'नाही' सांगणार. नैतिक जबाबदारी म्हणून काही असतं की नाही? माझं मत, पैसे हातात द्यायचेच नाहीत. मुलाच्या नावाने म्युच्युअल फंडाची एसआयपी चालू करायची. कोर्स पूर्ण केला की सर्टिफिकेट दाखवा आणि फंड घ्या. पंधरा हजारांचे पाच वर्षांत...

काळाकोट_दादर
आणि मधल्या पाच वर्षांत फी काय फंडाची एनएव्ही (युनिटचा भाव) दाखवून भरायची?

चिंचपोकळी_स्लो
मी एकोणीस वर्षं बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत शिकवते. नोटिशीचं राहू द्या. निवड कशी केली होती?

बॅकबेंचर
निबंध. 'मला विशेष शिक्षक का व्हायचे आहे', ३०० शब्द. ४१ आले होते. आणि दहावीला ७० टक्क्यांच्या वर.

चिंचपोकळी_स्लो
निबंधात सगळेच साने गुरुजी असतात. एकाला तरी विशेष शाळा दाखवलीत?

आमच्याकडे कॉलेजच्या मुली येतात तेव्हा पहिल्या दिवशी मी त्यांना शिकवायला देत नाही, डब्याच्या सुट्टीत बसवते. एक मुलगा आहे, त्याला स्टीलच्या डब्याचं झाकण उघडायला बारा मिनिटं लागतात. मुलीचं काम इतकंच, झाकण उघडून द्यायचं नाही. चौथ्या मिनिटाला बहुतेकींचा हात पुढे जातो. त्यात वाईट काही नाही, माझाही गेला होता. पण बाराव्या मिनिटाला झाकण निघतं, भाजीचं तेल त्याच्या मनगटावर ओघळतं आणि तो वर बघतो. तेव्हा मी मुलीकडे बघते. दुसऱ्या दिवशी कोण येणार ते तिथेच कळतं. चार शनिवार असे घालवायला लावा, ४१चे आपोआप १० होतील. शाळेची परवानगी मात्र लेखी घ्या, मुलांचे फोटो काढू देऊ नका आणि गाडीभाड्याचे पैसे तुम्ही द्या. विरारहून शिवडीला येणारी मुलगी तुमच्या निबंधासाठी पदरचे खर्च करणार नाही.

आता बी.कॉम.बद्दल. तिला का गेलीस, असं विचारलंत का?

बॅकबेंचर
विचारायचं काय त्यात? बी.कॉम. म्हणजे बी.कॉम.

चिंचपोकळी_स्लो
अहो, विशेष शिक्षक व्हायला दोन रस्ते आहेत. बारावीला ५० टक्के असतील तर थेट डी.एड. विशेष शिक्षण, दोन वर्षं. नाहीतर आधी पदवी, मग बी.एड. विशेष शिक्षण, आणखी दोन वर्षं. बी.कॉम.वरूनही जाता येतं. दोन्हीकडे कोर्स आरसीआयची मान्यता असलेलाच हवा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, १९९२चा कायदा. मान्यता नसेल तर नोंदणी क्रमांक मिळत नाही आणि त्याशिवाय या कामात उभं राहता येत नाही. तुमची डी.एड.ची दोघं कुठे गेली ते तरी बघितलंत का? साधं डी.एल.एड. (नेहमीच्या शाळांच्या शिक्षकांचं) आणि विशेष डी.एड. यात पालक हमखास गोंधळतात. बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग वाक्-श्रवण संस्था आहे, जुहूला एसएनडीटीचा विशेष शिक्षण विभाग आहे, तिथे जाऊन विचारा.

जॉबलेस_इन_जोगेश्वरी
कोर्स करून नोकऱ्या कुठे आहेत ते पण सांगा ताई. माझी बायको नोंदणी क्रमांक घेऊन चार वर्षं कंत्राटावर आहे. दर मे महिन्यात ब्रेक, जूनमध्ये परत ऑर्डर. सोळा वर्षांच्या पोरांना या खड्ड्यात ढकलून वर वसुली?

चिंचपोकळी_स्लो
कंत्राटाचं खरं आहे. पण २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साध्या शाळांसाठीही प्रमाण सांगितलंय, प्राथमिकला दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यावरच्या वर्गांना पंधरामागे एक. जागा निघायला हव्यात.

जॉबलेस_इन_जोगेश्वरी
'हव्यात'. बरं.

सीए_बाळू
उशिरा आलो. एकच प्रश्न. पैसे कोणाच्या खात्यात आहेत?

बॅकबेंचर
त्याचा इथे काय संबंध?

सीए_बाळू
म्हणजे तुमच्या.

बॅकबेंचर
४२ जणांचे प्रत्येकी १०,०००. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. १,८०,००० वाटले, उरलेल्या २,४०,०००ची एफडी केलीय. पै न् पैचा हिशोब आहे.

सीए_बाळू
एफडीचं व्याज कोणाच्या पॅनवर लागतंय? तुमच्याच. दुसरं, नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५०,०००च्या वर रक्कम आली की ती सगळीच करपात्र धरली जाऊ शकते. दहावीचा बाकमित्र आयकर खात्याच्या लेखी नातेवाईक नाही. हे पैसे माझे नाहीत, मी फक्त सांभाळतोय, हे तुम्हालाच पटवून द्यावं लागेल. तोंडी ठरलेल्याला कागद कुठून आणणार? मुलांच्या बाजूने काळजी नाही, शिक्षणाच्या खर्चासाठी मिळालेली शिष्यवृत्ती करमुक्त असते. गोत्यात तुम्ही आहात.

दरवर्षी द्यायचं असेल तर सार्वजनिक न्यास नोंदवा. १९५०चा कायदा, वरळीला धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. गल्लीतलं गणपती मंडळसुद्धा वर्गणी काढायला कलम ४१क खाली परवानगी घेतं, तुम्ही चार लाख वीस हजार जमवलेत.

डोंबिवली_फास्ट_१२डबा
न्यास म्हणजे दरवर्षी ऑडिट, बदल अर्ज, विश्वस्तांची भांडणं. ४२ जणांत ४३ गट पडतील. त्यापेक्षा एसआयपी.

सीए_बाळू
मग आधीच नोंदणी असलेल्या एखाद्या संस्थेकडे बाईंच्या नावाने निधी द्या. अटी लेखी. ८०जी (देणगीवर आयकर सवलत) असेल तर देणाऱ्यांना पावतीही मिळेल.

मधली_सुट्टी
बॅकबेंचर, तू तूच ना? ४२ आणि १०,००० वाचून ओळखलं. अरे, ग्रुपवर आवाज चढवतोस आणि इथे येऊन फॉरमॅट मागतोस?

आता मीच सांगते. त्या बी.कॉम.वाल्या मुलीचा मला मेमध्ये मेसेज आला होता. डी.एड.ला नाव लागलं होतं, पहिली फी दहा दिवसांत भरायची होती. आपला दुसरा हप्ता बारावीचा निकाल बघून द्यायचा, ही अट कोणाची होती? तुझी. निकाल लागला, मग ग्रुपवर मतदान, मग तू केरळला. पैसे ऑगस्टमध्ये गेले. मी तुला मेसेज पुढे पाठवला होता. त्यावर तुझा अंगठा आहे.

काळाकोट_दादर
🍿

बॅकबेंचर
अंगठा मी सगळ्यालाच देतो.

मधली_सुट्टी
ते माहीत आहे.

चिंचपोकळी_स्लो
हप्ता निकालाला बांधू नका, फीच्या तारखेला बांधा. आणि शक्यतो संस्थेच्या नावाने चेक द्या. पालकांच्या खात्यात गेलेले पैसे घरच्या अडचणीला लागतात, त्यात त्यांचाही दोष नसतो.

बॅकबेंचर (शुक्रवार रात्र)
फोन केला. उचलला तिने. आधी दोन वेळा 'सर, मी पैसे देते, थोडे थोडे चालतील का' म्हणाली. बहुतेक ग्रुपवरचं कोणीतरी तिला आधीच बोललंय. सकाळी कॉलेज, दुपारी लालबागला एका मुलाकडे सोबतीला जाते. मुलाला ऑटिझम आहे. बी.एड. करणार म्हणते. मी नोटिशीचं काही बोललो नाही.

बी.एम.एस.वाल्याला सोडून देतोय. फोन न लागणाऱ्यांपैकी एकाचा नंबर बदललाय, एवढंच निघालं. नोटिशीचा फॉरमॅट नको. सीएसाहेब, एफडी मोडायची की चालू ठेवायची ते रविवारच्या आधी सांगा.

सीए_बाळू
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. फुकट एवढंच.

नवीन_सदस्य_सायन
नमस्कार सर, माझ्या भाच्याला ४२ टक्के आहे, नववीत आहे. तुमचा फॉर्म कुठे मिळेल?