मदत हवी आहे: क्वार्टर अलॉट झालं, आधीचा माणूस हलत नाही

रातपाळी
उन्हाळ्यात टाईप टू क्वार्टर अलॉट झालं. पत्र हातात आहे, कुलूप मात्र अजून आधीच्याचंच. क्लार्क म्हणतो, "बघू". वर म्हणतो, तुमचा एचआरए, म्हणजे घरभाडे भत्ता, बंद होईल. म्हणजे घरभाडं खिशातून आणि भत्ताही गेला! कुलूप तोडलं तर चालेल का? लवकर सांगा, घरमालक मागे लागलाय.

कोकणकडा
खातं कुठलं? राज्य की केंद्र? राज्याचं असेल तर सरकारी जागा रिकामी करून घ्यायचा १९५५ चा वेगळा कायदा आहे.

रातपाळी
रेल्वे, अर्थात. टाईप टू म्हटलं की.

कोकणकडा
टाईप टू सगळीकडे असतं हो.

जुना गार्ड
कुलूप अजिबात तोडू नका, उलट तुमच्यावरच केस होईल. आधी हे सांगा: तो रिटायर झाला की बदली झाली? माझ्या वेळी मी रिटायरमेंटनंतर रीतसर चार महिने राहिलो. शेजाऱ्याने मात्र मुदत संपल्यावरही जागा अडवली. त्याची ग्रॅच्युइटी अडकली, डॅमेज रेंट म्हणजे दंडाचं भाडं लागलं, शिवाय जितके महिने जास्त राहिला तितके रेल्वेच्या मोफत प्रवासाच्या पासचे सेट कापले गेले. पासचं दुःख त्याला पैशांपेक्षा मोठं होतं.

रातपाळी
बदली. त्याची मुलगी दहावीला आहे म्हणे.

फाईलवाली
हे आधी सांगायचं ना! बदलीवर दोन महिने नेहमीच्या भाड्यात मिळतात. मुलांच्या शिक्षणासाठी पुढे आणखी सहा महिने जास्त भाडं भरून राहता येतं, पण मंजुरी लागते. मंजुरी असेल तर तो अनधिकृत नाहीच, चूक जागा रिकामी व्हायच्या आत अलॉट करणाऱ्यांची. नसेल तर अनधिकृत राहणाऱ्याला बाहेर काढायच्या १९७१ च्या केंद्राच्या कायद्याखाली इस्टेट ऑफिसरने नोटीस काढायची. ते काम तुमचं नाही. मंजुरीची प्रत माहिती अधिकारात मागा, १० रुपये, ३० दिवस.

युनियनवाला
माहिती अधिकारात ३० दिवस बसून काय करणार? युनियनच्या ब्रँच सेक्रेटरीला भेटा, एका फोनचं काम.

फाईलवाली
त्या फोनवरच तर अशी माणसं वर्षानुवर्षं राहतात. नोटिशीला तोच फोन आडवा येतो.

युनियनवाला
ताई, सगळे तसे नसतात.

चहाप्रेमी
मंत्र्यांचे बंगले कोण रिकामे करतं? उत्तर प्रदेशात माजी मुख्यमंत्र्यांना बाहेर काढायला २०१८ मध्ये सुप्रीम कोर्ट लागलं. लहान माणसालाच नियम.

फाईलवाली
इथे अडलेला माणूसही लहानच आहे, चहाप्रेमी.

स्लॅबगळती
ताबा घेताना बाथरूमची ओल बघून घ्या. आयओडब्ल्यूकडून, म्हणजे क्वार्टरची दुरुस्ती बघणाऱ्या इन्स्पेक्टरकडून, आधी लेखी घ्या, नंतर कोणी फिरकत नाही.

रातपाळी
ओल? अजून दार उघडलेलं नाही हो! एचआरएचं काय ते सांगा.

जुना गार्ड
चावी हातात आल्याशिवाय ताब्याच्या कागदावर सही करू नका, तो पडलेलाच असेल टेबलावर. आणि "ताबा मिळालेला नाही" असा अर्ज आजच द्या, इनवर्डचा शिक्का घेऊन.

रातपाळी
अर्ज देतो. पण आज कळलं, आत तो नाहीच. तो बदलीच्या गावी, इथे त्याचा मेहुणा कुटुंबासकट राहतो.

फाईलवाली
मेहुणा? आणि दहावीची मुलगी?

रातपाळी
तीही तिकडेच.

फाईलवाली
मग हे पोटभाड्यासारखंच प्रकरण. मेहुणा भाडं देतो का?

कोकणकडा
राज्याच्या कायद्यात यावर...

युनियनवाला
रेल्वे आहे, साहेब, रेल्वे.