‘जमणे’ आणि ‘जमवुं’

मराठी आणि गुजरातीत सारख्या दिसणाऱ्या पण अर्थाने वेगळ्या शब्दांच्या काही जोड्या आहेत. ‘नवरा’ची जोडी त्यातलीच: मराठीत पती, गुजरातीत ‘नवरो’ म्हणजे रिकामा, हाताला काम नसलेला. पण आम्हा बडोदेकरांना रोज भेटते ती जोडी ‘जमणे’ची.

आई लग्न होऊन कऱ्हाडहून बडोद्याच्या दांडिया बाजारात आली, त्या आठवड्यातली गोष्ट. शेजारच्या गुजराती आजींनी, बांनी, दारातून विचारलं, “जम्यां?” आईला वाटलं, नवं घर लावायला जमतंय का असं विचारताहेत. ती म्हणाली, “नाही हो, अजून नाही जमलं.” बा लगेच गेल्या आणि दाळ-भात-शाकाची थाळी घेऊन आल्या. गुजरातीत जमवुं म्हणजे जेवणे.

मराठीत माणसं जमतात, लग्न जमतं, पोळी गोल लाटायला जमते. हिंदीत दही जमतं, म्हणजे विरजण लागतं. गुजराती लग्नात मात्र “बधा जम्या?” याचं उत्तर “हो, सगळे आले” असं देऊन चालत नाही, पंगती उठल्या का ते सांगायचं असतं.

जमा, जमाव, जमात, जमाखर्च हे सगळे अरबीतून आलेले. मराठी ‘जमणे’ मला त्यांच्याच घरातलं वाटतं. ‘जमवुं’चं घराणं वेगळं. संस्कृत धातुपाठात, म्हणजे धातूंच्या जुन्या यादीत, ‘चमु छमु जमु झमु अदने’ अशी ओळ आहे; अदन म्हणजे खाणे. यातल्या चम् पासून आपलं आचमन. पुढे बाराव्या शतकात गुजरातेतल्या पाटणच्या हेमचंद्राचार्यांनी, या जैन व्याकरणकारांनी, प्राकृतात ‘भुज्’ (खाणे) या धातूच्या जागी येणारी ‘जिम’, ‘जेम’ ही रूपं नोंदवली. माळव्यातलं जीमणो, गुजराती जमवुं आणि आपलं जेवणे ही त्याच कुळातली भावंडं. म्हणजे ‘जमवुं’चं खरं नातं ‘जेवणे’शी आहे, ‘जमणे’शी फक्त चेहरा जुळतो. गुजरातीत उजव्या हाताला ‘जमणो हाथ’ म्हणतात. जेवायचा हात तो जमणा, असं बा समजावून सांगत.

इथल्या मराठी घरांत “चला, आधी जमून घ्या” असं सर्रास म्हणतात. महाराष्ट्रातून आलेले पाहुणे ते लगेच सुधारतात. मला ते अशुद्ध वाटत नाही. ‘जेवणे’च्या सख्ख्या भावाला आम्ही स्वयंपाकघरात बोलावलं, एवढंच. आई अजूनही मला फोनवर “जेवलीस का?” विचारते, आणि बांच्या सुनेला “जम्यां?”