खुब्याच्या ऑपरेशननंतर आईचं किती आपण करायचं आणि किती तिला करू द्यायचं? मदत हवी आहे

नमस्कार,

वृद्धांच्या शुश्रूषेचा अनुभव असलेले बरेच जण इथे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आई ७९ वर्षांची. घरातच पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन होऊन अर्धा सांधा बदलला. जखम छान भरली आहे, पायावर पूर्ण भार द्यायला सर्जनची परवानगी आहे, वॉकर घेऊन चालायला सांगितलं आहे. बीपी सोडलं तर मोठं दुखणं नाही. पडण्याआधी ती स्वतःचं सगळं स्वतः करायची, वर घरातलंही पाहायची. आता दोन महिने उलटून गेले तरी दिवसाचा बहुतेक वेळ पलंगावरच जातो. दुखणं कमी झालंय, पण त्याबरोबर अंगातली ताकदही उतरत चालली आहे, आणि हे डोळ्यांदेखत होताना बघवत नाही.

दिवसभरासाठी अटेंडंट ताई आहेत. स्वभावाने फार चांगल्या, कामाला चोख. अंग पुसणं, कपडे, वेणी, भरवणं, सगळं झटपट आणि स्वच्छ. दिवसाही डायपर असतो, कारण बाथरूमपर्यंत न्यायचं म्हणजे पडायची भीती. माझा भाऊ म्हणतो, यात वाईट काय आहे? पुन्हा पडली तर दुसरं ऑपरेशन तिला झेपणार नाही. त्याची भीती खोटी नाही. एकदा खुबा मोडला की दुसऱ्या बाजूचा मोडायचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे डॉक्टरांनीही सांगितलंय. फिजिओथेरपिस्ट मात्र नेमकं उलट सांगतात: तुम्ही जे तिच्यासाठी कराल ते तिचं शरीर विसरेल.

परवा ताईंना यायला उशीर झाला म्हणून आईचे कपडे मी बदलत होते. गाऊनची बटणं लावायला हात पुढे केला तर तिने तो बाजूला सारला. वरचं बटण तिच्या बोटांत येईना. नखाने काजं उघडून, जीभ दाताखाली धरून, एकेक करत तिने सगळी लावली. शेवटचं चुकून वरच्या काजात गेलं. मी काही बोलायच्या आत तिनेच ते पाहिलं, सोडवलं, पुन्हा नीट लावलं. आणि म्हणाली, "फणी दे इकडे." आजारपणानंतर तिने स्वतःहून काही मागितलेलं मला तरी आठवत नाही.

तेव्हापासून वाचते आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना केवळ १० दिवस अंथरुणात ठेवलं होतं, तर तेवढ्यात त्यांच्या पायांचं जवळजवळ एक किलो स्नायू-वस्तुमान गेलं. ती धडधाकट माणसं होती! आईचं काय होत असेल?

आता विचारायचं ते हे. सुरक्षितता आणि स्वावलंबन यांच्यातली रेघ रोजच्या कामांत नेमकी कुठे ओढायची? ताईंना न दुखावता हे कसं समजावायचं? शिवाय दोन काळज्या आहेत. उजव्या टाचेवर लाल डाग दिसतोय. मऊ गादी आहे, तेल लावून चोळतो, तरी जात नाही. आणि दिवेलागणीनंतर आई गोंधळते. "हे घर माझं नाही, मला घरी सोडा" म्हणते, सकाळी पुन्हा एकदम ठीक. ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात समजायची का? हे सगळं गेल्या आठ-पंधरा दिवसांतलं आहे.

– अबोली


पाऊलवाट:

अबोलीताई, मी परिचारिका होते, नोकरीची शेवटची बरीच वर्षं वृद्धांच्या वॉर्डात गेली. तुमचा मुख्य प्रश्न मोठा आहे, पण आधी टाच आणि गोंधळणं घेऊ. त्यांना थांबायला वेळ नाही.

डागावर बोटाने तीनेक सेकंद दाबा आणि सोडा. दाबल्यावर फिकट होऊन परत लाल झाला तर रक्तपुरवठा शाबूत आहे. दाबूनही तसाच लाल राहिला तर ती बेडसोरची पहिली पायरी धरायची आणि डॉक्टरांना दाखवायचं. सावळ्या कातडीवर लाली नीट कळत नाही, म्हणून बाजूच्या कातडीपेक्षा ती जागा गरम, कडक किंवा दुखरी लागते का हेही हाताने पाहा. चोळणं आजपासून बंद. आतल्या दबलेल्या पेशींना चोळल्याने आणखी इजा होते. गोल चकतीची उशीही नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा अडतो. गुडघ्याखालून घोट्यापर्यंत पोटरीभर लांब उशी द्या, म्हणजे टाच अधांतरी राहते. टाच कशालाच टेकता कामा नये, गादी कितीही मऊ असो. हवेची गादी आणली तरी कुस बदलणं चुकत नाही. पलंगावर असतील तेव्हा साधारण दर दोन तासांनी, पाठीमागे उशी देऊन ३० अंशांपर्यंत कलतं करायचं, पूर्ण कुशीवर नाही, कारण मग सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. ऑपरेशनच्या बाजूवर कधीपासून चालेल ते सर्जनना विचारा. आणि वर सरकवताना ओढू नका, खालची चादर दोघींनी धरून उचलून सरकवा. कातडी घासण्याने बरेच बेडसोर तिथेच सुरू होतात.

आता गोंधळणं. दोन आठवड्यांत सुरू झालेलं आणि दिवसात कमी-जास्त होणारं गोंधळणं हे स्मृतिभ्रंशापेक्षा डेलिरियमसारखं, म्हणजे तात्पुरत्या भ्रमासारखं जास्त वाटतं. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांत हळूहळू येतो. भ्रमाला बहुधा शरीरात कारण असतं आणि ते सापडलं तर तो जातो. लघवीत जंतुसंसर्ग, लघवी तुंबणं, बद्धकोष्ठता, पाणी कमी जाणं, न सांगितलेली वेदना, नवी किंवा जुनी औषधं, ही नेहमीची. त्यामुळे दोन-तीन दिवसांत डॉक्टरांकडे जा आणि घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. चिठ्ठी नको, गोळ्याच न्या. झोपेच्या गोळ्या आणि सर्दी-खाजेच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या वृद्धांच्या मेंदूला फार जड जातात. ताप आला, किंवा आई उलट एकदम गप्प, सुस्त झाली, तर त्याच दिवशी दाखवा. गप्प भ्रम सगळ्यात जास्त नजरेआड होतो, कारण तो कुणाला त्रास देत नाही. तोवर चष्मा आणि कानाचं यंत्र असेल तर दिवसभर अंगावर, समोर घड्याळ, संध्याकाळी खोलीत पुरेसा उजेड. "हेच तुझं घर आहे" असं वाद घालून सांगू नका. शेजारी बसा, हात धरा, कुठल्या घराबद्दल म्हणते आहे ते बोलू द्या.

आता रेघ. आमच्या शुश्रूषेच्या शास्त्रात डोरोथिया ओरेम या परिचारिकेची एक मांडणी आहे, मला आयुष्यभर कामाला आली. रुग्णाला काहीच शक्य नसेल तेव्हा परिचारिका सगळं करते; काही शक्य असेल तेव्हा दोघी मिळून करतात; आणि बहुतेक शक्य असेल तेव्हा परिचारिका फक्त शिकवते आणि धीर देते. माणूस एकाच वेळी एका कामात पहिल्या पायरीवर आणि दुसऱ्या कामात तिसऱ्या पायरीवर असू शकतो. म्हणून "आई करू शकते की नाही" हा प्रश्न एकगठ्ठा विचारूच नका. माणूस किती स्वावलंबी आहे ते पाहायला १९६३ पासून वापरात असलेली, कॅट्झ या डॉक्टरांनी ठरवलेली सहा कामं आहेत: आंघोळ, कपडे, शौचालय, पलंगावरून खुर्चीत जाणं, मलमूत्रावर ताबा, जेवण. प्रत्येकापुढे लिहा की आई काय एकटी करते, काय कुणी शेजारी उभं असेल तर करते, कशाला हात लागतो. तुमची बटणं म्हणजे "एकटी करते". तिथे कुणाचाही हात जाता कामा नये, कितीही वेळ लागो. चेहरा, हात, छाती तिने पुसायची. पाठ आणि पावलं ताईंनी. घास तिने घ्यायचा, तोही खुर्चीत ताठ बसून, आणि जेवल्यावर अर्धा तास तसंच बसायचं, म्हणजे अन्न श्वासनलिकेत जायची भीती कमी.

डायपरबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. आईला लघवीची भावना कळते ना? मग दिवसाचा डायपर काढा. ज्यांना कळतं त्यांना तो लावून ठेवला की हळूहळू ताबा खरोखर सुटू शकतो, ओल्या कातडीला फोड येतात, आणि मनाचं जे होतं ते वेगळंच. पलंगाजवळ कमोडची खुर्ची ठेवा आणि दर दोन-अडीच तासांनी, तिने मागायची वाट न बघता, घेऊन जा. उठणं, वळणं, बसणं, परत उठणं हा व्यायामही दिवसातून सहा-सात वेळा आपोआप होतो. फिजिओ एवढ्या वेळा येऊ शकत नाही.

ताईंना त्यांचं काम कमी केलं असं वाटू देऊ नका, खरं तर ते अवघड होतंय. हात मागे ठेवून शेजारी उभं राहायला जास्त कसब लागतं. तेच त्यांना सांगा, आणि लिहिलेला कागद भिंतीवर लावा, म्हणजे रोज तोंडी सूचना नकोत.


रानपाखरू:

वरच्या प्रतिसादाला माझा दुजोरा. वडिलांचं केलं तेव्हा आमच्याही घरी तुमच्या भावासारखीच भीती होती, म्हणून त्याच्या बाजूने थोडं लिहितो. भीती बाजूला सारा म्हणून ती जात नाही, तिला काम द्यावं लागतं. भावाला सांगा की पडण्याची कारणं तू शोध. आईचं बीपी पाच मिनिटं आडवं ठेवून मोजायचं, मग उभं केल्यावर लगेच आणि तीन मिनिटांत पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर उठल्यावर चक्कर येऊन पडायचा धोका आहे, आणि तो औषधांचा डोस बदलून बऱ्याचदा कमी करता येतो. पलंग ते बाथरूम रात्री दिवा, वाटेतली सतरंजी-वायर उचलणं, टाचेला पट्टा असलेली घट्ट चप्पल, कमोडच्या दोन्ही बाजूंना भिंतीत पक्के दांडे. टॉवेलच्या दांड्याला धरून उठायला देऊ नका, तो निखळतो.

अजून एक, जे विचारायचं राहून जातं: हाडांच्या ठिसूळपणावर औषध सुरू झालं का? साध्या पडण्याने खुबा मोडतो तेव्हा हाडं आधीच ठिसूळ झालेली असतात. सांधा बदलून ते दुरुस्त होत नाही, त्यावर वेगळे उपचार आहेत.

आणि प्रथिनं. आजारातून उठणाऱ्या वृद्धांना रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम लागतात, म्हणजे ५० किलो वजनाला ६० ते ७५ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार नाही ना, हे आधी डॉक्टरांना विचारून घ्या. पोटात काही न जाता व्यायाम करवला तर स्नायू कशातून बनणार?


अबोली:

दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टरांकडे जाऊन आलो. टाचेचा डाग दाबल्यावर फिकट होतो, त्यामुळे वेळेत कळलं असं ते म्हणाले. उशी दिल्यापासून लाली उतरली आहे. गोळ्यांच्या पिशवीत हायड्रॉक्सिझिन निघाली. खाजेसाठी रात्रीची म्हणून दुसऱ्या एका ठिकाणी लिहून दिली होती आणि तशीच चालू राहिली. ती थांबवली. बद्धकोष्ठताही होती, तिच्यावर औषध दिलं. संध्याकाळचं गोंधळणं पूर्ण गेलेलं नाही, पण कालची संध्याकाळ तिने माझ्याशी माहेरच्या आठवणी सांगण्यात घालवली, आणि त्या सगळ्या जागच्या जागी होत्या. हाडांच्या औषधाचं कुणीच काढलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे.

भाऊ बीपी मोजतो. उभं राहिल्यावर वरचा आकडा २४ ने उतरतो, हे त्यानेच शोधलं आणि डॉक्टरांना फोनही त्यानेच केला. दिवसाचा डायपर काढायला तयार झालाय, रात्रीचा नाही. त्यावर आत्ता ताणत नाही.

ताईंना कागद दाखवला तेव्हा त्या थोड्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, आजींना करावं लागलं तर तुम्ही म्हणाल मी आळस करते." हे मला सुचलंच नसतं. कामाची वही आहे, तिच्यात आता "आजींनी स्वतः काय केलं" असा रकाना केलाय, तो त्याच भरतात.

एक शंका उरली. कमोडची खुर्ची आणली, पण आईला तिच्यावरून उठताना फार जोर लावावा लागतो. उंची किती हवी?


पाऊलवाट:

खुर्ची ठेंगणी आहे. पायांची उंची बदलता येत असेल तर वाढवा. बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे खुब्यापेक्षा किंचित खाली राहिले पाहिजेत. सांधा बदललेल्यांना हे फक्त सोयीसाठी नाही. ठेंगण्या बैठकीत खुबा ९० अंशांहून जास्त वाकतो आणि सांधा निसटायची भीती असते. किती दिवस जपायचं ते सर्जन सांगतील. उठताना आधी पुढे कडेवर सरकायचं, ऑपरेशनचा पाय थोडा पुढे, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात दाबून उठायचं. वॉकरला धरून ओढून उठू देऊ नका, तो अंगावर येतो. उभं राहिल्यावर मगच वॉकर, आणि बीपी उतरतंय म्हणून तिथे थोडं थांबून मग पाऊल. खुर्चीच्या पायांना रबरी टोप्या आहेत ना, तेवढं बघून घ्या. चाकांची असेल तर चारही ब्रेक लावल्याशिवाय बसवू नका.