सल्ला हवा: महिना १२०० रुपयांत झोप, जेवण, व्यायाम, मन. आधी काय सावरू?

परभणीचा_मेकॅनिकल
नमस्कार. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. पुण्यात कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहतो, खोलीत चौघं. रात्री अडीचपर्यंत जागा असतो आणि आठचं लेक्चर, म्हणून नाश्ता होतच नाही. मेस दोन वेळ, रविवारी संध्याकाळी बंद. वर्षभरात सहा किलो उतरलो. एम-टूची (दुसरा गणिताचा पेपर) केटी आहे, म्हणजे नापास झालोय, पुन्हा द्यायचाय. ओरलच्या (तोंडी परीक्षेच्या) आधी हात थरथरतात. आईचा फोन आला की वाजू देतो, मग मेसेज टाकतो. हे मला अजिबात आवडत नाही.
महिन्याला १२०० रुपये बाजूला काढू शकतो, त्यावर एक रुपया नाही. जिम, योगाचा क्लास की मेस बदलू? मित्र ढोल पथकात चल म्हणतोय, पण त्यात रोजचे दोन तास जातात. सगळं एकदम जमणार नाही. सुरुवात कुठून करू?

टेकडीची_वाट
जिमवर पैसे घालू नको. मी अकरा वर्षं वेताळ टेकडी चढतोय. शहरातली सगळ्यात उंच जागा आहे, पावसाळ्यात मोर ओरडत असतात आणि तिकीट नाही. सहाला पायथ्याशी ये, आमचा ग्रुप असतो.

लोखंड_९४
काका, टेकडी चढून वजन आणखी उतरेल. पोराचे आधीच सहा किलो गेलेत. मित्रा, जिमच लाव. वर्षाची फी एकदम भरलीस तर स्वस्त पडते, मी ९५०० भरले. सोबत व्हे प्रोटीनचा डबा. मी आठ महिन्यांत ५८ वरून ६९ वर आलो.

निळी_सायकल
वर्षाचे एकदम अजिबात भरू नकोस! माझी जिम चौथ्या महिन्यात बंद पडली, शटरला कुलूप आणि मालकाचा फोन बंद. एक पैसा परत मिळाला नाही. भरायचेच तर महिन्याचे भर.

स्वयंपाकघर_कोथरूड
बाळा, आधी पोटाचं बघ. माझी मुलगी होस्टेलवर होती तेव्हा मी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे आणि गूळ बरणीत भरून द्यायचे. उशाशी ठेव, उठल्या उठल्या मूठभर खायचे, चूल लागत नाही. अंडी खात असशील तर रोज दोन. खोलीत किटली आहे ना? त्यात उकडतात. अळिवाचे लाडू आईकडून मागवून घे, आणि त्या निमित्ताने तिचा फोन उचल.

लोखंड_९४
फुटाण्यांनी काय होतंय काकू. प्रोटीन लागतं.

स्वयंपाकघर_कोथरूड
फुटाण्यात प्रोटीन नाही तर काय असतं? शंभर ग्रॅमला वीसच्या आसपास निघतं. सोयाबीनच्या वड्यांत तर पन्नासच्या वर. तुमच्या डब्याच्या पैशांत वर्षभर पुरतील.

क्वार्ट्ज
स्मार्टवॉच घे. मी साडेसहा हजारांचं घेतलं, झोप किती झाली ते रोज कळतं. आकडा समोर दिसला की आपोआप लवकर झोपतो माणूस.

निळी_सायकल
त्याने १२०० लिहिलंय.

टेकडीची_वाट
टेकडीवर या म्हणतोय ते टेकडी शिल्लक आहे तोवरच. टेकडीवरून न्यायचा बालभारती ते पौड फाटा रस्ता झाला तर काय उरणार?

पौडफाटा_रोज
आम्ही रोज पाऊण तास त्या ट्रॅफिकमध्ये उभे असतो, त्याचंही बोला. आमच्या तब्येतीचं काय?

(यावर पुढे चौदा प्रतिसाद रस्त्याबद्दलच.)

शेवटचं_वर्ष_एमबीबीएस
मूळ विषयावर येतो. प्रयत्न न करता सहा किलो कमी होणं ही अंगावर काढायची गोष्ट नाही. ससूनला (सरकारी हॉस्पिटल) केसपेपर काढ. रक्ताची साधी तपासणी, साखर, थायरॉइड करून घे. बहुधा उपाशी राहिल्यामुळेच असेल, पण बघून घे. मेडिकलमधून मनाने बी-१२च्या गोळ्या आणू नकोस.
झोपेबद्दल: झोपायची वेळ ठरवून जमत नाही, उठायची ठरव. रोज सव्वासात, रविवारीसुद्धा. संध्याकाळी चारनंतर चहा-कॉफी बंद. कॉफीतलं कॅफीन साधारण पाच तासांनीही निम्मं अंगात असतं. तुझ्या वयाला सात तास तरी हवेत.

केटीतून_सुटलेली
हात थरथरतात त्यावर कोणीच बोललं नाही. माझंही व्हायचं, ओरलच्या आदल्या रात्री उलट्या. कॉलेजच्या समुपदेशकांकडे गेले तर त्यांनी माझं सगळं घरी कळवलं, अजून राग आहे. नंतर टेली मानसला फोन केला, १४४१६. मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, २०२२ पासून सुरू, चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. पहिल्या फोनला मी नुसती रडले आणि समोरच्या ताईंनी रडू दिलं. तुझ्या बाराशेतला एक रुपयाही जाणार नाही.
पथकात मात्र जाऊ नको. माझ्या भावाची त्याच सत्रात केटी बसली.

लोखंड_९४
पथकाला माझाही विरोध. दोन तास गेले की जिम कधी करणार?

शेवटचं_वर्ष_एमबीबीएस
कानांचाही विचार कर. ताशाजवळ रोज उभं राहणं चांगलं नाही.

भिडे_पूल_पलीकडे
अंडी खा, चारनंतर चहा नको. वर कोणी लिहिलं असेल तर माफ करा, सगळं वाचलं नाही.

परभणीचा_मेकॅनिकल
नऊ दिवसांनी लिहितोय. सगळ्यांचे आभार. जिम लावली नाही, टेकडीवरही एकदाच आलो, काका रागावू नका. मी पथकात गेलो. खोलीत रात्री चौघं चार मोबाइलमध्ये असतो, तिथे साठ जणांनी एकत्र ठेका धरला की डोक्यात दुसरं काही येत नाही. दहाच्या आत सराव थांबतो, अकराला आडवा होतो कारण खांदे उचलत नाहीत. अंडी, केळी आणि फुटाण्यांना महिन्याला साधारण आठशे लागतील, उरलेले रविवारच्या संध्याकाळला. केटीचा अभ्यास सकाळी सातला हलवलाय. ससूनला सोमवारी जातोय. १४४१६ अजून लावलेला नाही, सेव्ह केलाय.
काल सरावाच्या जागेवरून, नदीपात्रातून आईला फोन लावला. ढोलांमुळे तिला माझं काही ऐकू येत नव्हतं, तरी पाच मिनिटं तिने ठेवला नाही.

केटीतून_सुटलेली
कानात कापूस नको, मेडिकलमधले इअर प्लग घे. आणि ढोलावर थाप मारतोस त्या हाताच्या बोटांना पहिल्या दिवसापासून चिकटपट्टी लाव, भावाची बोटं आठवडाभर सोललेली होती.